सोडण्याचे कारण

मंडळी, गेले दोन शनिवार इथे काहीच टाकलं नाही, कारण माणसं बाहेर काढायचं मशीन बांधत होतो. वाक्य जरा भडक झालं खरं. कागदोपत्री त्याचं नाव ‘सेपरेशन वर्कफ्लो ऑटोमेशन’ आहे, आणि त्यातून बहुतेक लोक आपल्याच पायांनी, दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर खिशात घालून, हसतमुखाने बाहेर पडतात. केक कापला जातो, ग्रुप फोटो होतो, ‘टचमध्ये राहू’ होतं. तरी आमच्या टीममध्ये त्याला सगळे ‘एक्झिट मशीन’च म्हणतात. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. हिंजवडीत आहे एवढं पुरे. शोधायचीच असेल तर तीन फेज आणि दोन तासांचं ट्रॅफिक पालथं घाला :-)

आधी काय होतं ते सांगतो. इंजिनिअरिंगला असताना ‘नो ड्यूज’चा कागद घेऊन वर्कशॉप, जिमखाना, लायब्ररी असे हिंडलेले सगळेच इथे असणार. ज्या जिमखान्याचं तोंड चार वर्षांत पाहिलं नाही, त्याच्या सरांकडून ‘याच्याकडे आमची बॅट नाही’ असं लिहून आणायचं! कंपनीतही तेच. शेवटच्या आठवड्यात माणूस एक कागद घेऊन आठ सह्या गोळा करत फिरायचा. लॅपटॉपसाठी आयटी, ड्रॉवरच्या किल्लीसाठी अ‍ॅडमिन, बसच्या पाससाठी ट्रान्सपोर्ट, कॅन्टीनचं कार्ड, फायनान्स, मॅनेजर, मॅनेजरचा मॅनेजर, आणि शेवटी एचआर. अ‍ॅडमिनचा माणूस नेमका त्याच दिवशी रजेवर. मग ‘फुल अँड फायनल’ म्हणजे शेवटचा हिशेब यायला दीड महिना, कधी दोन. नव्वद दिवसांची नोटीस काढून वर हे. पण कुणी फारशी तक्रार करायचं नाही, कारण पुढच्या कंपनीला रिलीव्हिंग लेटर लागतं आणि ते यांच्याच हातात.

हे बदललं ते आमच्या व्यवस्थापनाला अचानक दया आली म्हणून नाही. २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या २०१९ च्या वेतन संहितेचं १७ वं कलम म्हणतं की माणसाला काढलं असो, कपातीत घालवलं असो वा त्याने राजीनामा दिला असो, त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं. दोन दिवस! आठ सह्यांच्या कागदाचं मग काय करणार? ग्रॅच्युइटीला वेगळी, तीस दिवसांची मुदत आहे, पण पगाराचं गणित दोन दिवसांत जमवायचं तर लॅपटॉप परत आला का, किती रजा उरल्यात, प्रवासाची बिलं कुठे अडकलीत, हे सगळं शेवटच्या दिवसाच्या आधीच कळायला हवं. तेव्हा कुठे हा प्रोजेक्ट मंजूर झाला. वर्षानुवर्षं ‘पुढच्या तिमाहीत बघू’ असलेलं काम कायद्याच्या एका ओळीने पंधरवड्यात वर आलं. मला त्याचा आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. काम मजेचं होतं.

मजेचं अशासाठी की, एक माणूस कंपनीतून जातो तेव्हा नक्की काय काय जातं, हे कुणालाच पूर्ण माहीत नसतं. पगाराच्या सिस्टिममध्ये तो एक नंबर असतो, डोमेनमध्ये एक अकाउंट, गेटवर एक कार्ड, क्लाउडवर चार परवानग्या, गिटवर दोन चाव्या, आणि कुठल्या तरी क्लायंटच्या व्हीपीएनवर एक टोकन, जे फक्त त्याला आणि त्या क्लायंटच्या एका माणसाला ठाऊक. आमचं मशीन शेवटच्या दिवसाच्या तारखेपासून उलटं मोजतं. तीस दिवस आधी मॅनेजरला ‘काम कुणाकडे देणार’, दहा दिवस आधी सामानाची यादी, शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला सगळी दारं एकदम बंद. आठ सह्या एकामागून एक होत्या, त्या आता समांतर चालतात. कुणी तीन दिवस बसून राहिला तर त्याच्या साहेबाला मेल जातो. अ‍ॅडमिनवाल्यांचा माझ्यावर फार राग आहे.

दारं एकदम बंद का करायची, याची किंमत मोजून झालेली आहे. सिस्को सोडून गेलेल्या एका इंजिनिअरने २०१८ साली, राजीनाम्यानंतर पाच महिन्यांनी, कंपनीच्या क्लाउडमध्ये शिरून ४५६ व्हर्च्युअल मशिन्स उडवली. वेबेक्स टीम्सची सोळा हजारांहून अधिक खाती त्यामुळे बंद पडली. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. सिंगापूरला एनसीएस नावाच्या कंपनीत असंच झालं. तिथे काढलेल्या माणसाने २०२३ मध्ये १८० सर्व्हर पुसले. दोन्ही ठिकाणी माणूस गेला तरी आत शिरायची वाट उघडीच राहिली होती. आमच्या सिक्युरिटीवाल्यांच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये या दोन स्लाइड असतातच.

तिसरी स्लाइड मात्र ते लावत नाहीत, ती मी लावली. इब्राहिम डियालो नावाच्या एका प्रोग्रामरने २०१८ मध्ये स्वतःची गोष्ट लिहिली होती, जगभर वाचली गेली. अमेरिकेत तीन वर्षांच्या कंत्राटावर होता, आठ महिने झाले होते. एक दिवस गेटवर कार्ड चालेना. मग पार्किंग बंद, मग एकेक सिस्टिम बंद, शेवटी दोन सिक्युरिटीवाले येऊन त्याला बाहेर घेऊन गेले. त्याची मॅनेजर ‘तुला कुणीच काढलेलं नाही’ म्हणते, डायरेक्टर तेच म्हणतो, पण मशीनला थांबवणार कोण? निघालं असं की त्याच्या आधीच्या मॅनेजरची नोकरी गेली होती आणि त्याने जाण्यापूर्वी याचं कंत्राट नव्या सिस्टिममध्ये वाढवलं नव्हतं. तेवढ्यावरून मशीनने पुढची सगळी पायरी-पायरीची कामं इमानदारीत केली. तीन आठवडे लागले त्याला परत घ्यायला, तेही नवा माणूस म्हणून, आणि त्या तीन आठवड्यांचा पगार नाही. ही गोष्ट सांगून मी आमच्या डिझाइनमध्ये एक लाल बटण मागून घेतलं. कुठल्याही पायरीवर थांबवा, आणि बंद केलेलं सगळं एका तासात परत उघडा. बटण मिळालं. ते दाबायचा अधिकार कुणाला, यावर तीन मीटिंगा झाल्या.

परत उघडता यायचं तर मुळात पुसून चालत नाही. म्हणून आम्ही काही डिलीट करत नाही, नुसतं ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ करतो. टीममधल्या नवीन पोरीला ‘सॉफ्ट डिलीट’ समजावून सांगताना मला एकदम सातबारा आठवला. तिला म्हटलं, शेत विकलं की जुन्या मालकाचं नाव सातबाऱ्यावरून खोडरबरने जातं का? नाही. त्याला कंस होतो, आणि शेजारी फेरफाराचा नंबर पडतो. त्या नंबरवर जाऊन बघायचं, हा माणूस कधी आणि कशामुळे कंसात गेला ते. विकली, वारस लागले, की सरकारने घेतली. तिला पटकन कळलं. कळणारच, तिचं घर माणचं आहे.

आपण ज्याला ‘हिंजवडी आयटी पार्क’ म्हणतो ते रेकॉर्डला मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी, माण या गावांचं शिवार आहे. मुख्यालय पौडला. एमआयडीसीने जमिनी घेतल्या तेव्हा किती नावांना कंस पडले असतील! या तालुक्याला माणसं बाहेर काढण्याची प्रक्रिया काही नवी नाही म्हणा. १९२१ साली टाटांच्या धरणासाठी मावळातली गावं उठायची होती तेव्हा इथेच सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट त्यातूनच ‘सेनापती’ बापट झाले, आणि धरण झालंच. त्या मानाने आमचं मशीन फारच सभ्य. साडेसहाला नुसतं लॉगआउट करतं. असो, विषय भरकटला.

तर मुद्दा फेरफाराचा. माणूस कंसात गेला, पण कशामुळे? आमच्या फॉर्मवर त्यासाठी एक यादी आहे, ‘रीझन फॉर सेपरेशन’. उघडली की उत्तम संधी, उच्च शिक्षण, लग्न, स्थलांतर, तब्येत, वैयक्तिक कारण, निवृत्ती. ही यादी मी नाही केली, एचआरकडून आली. यादी वाचल्यावर मला माझा शाळा सोडल्याचा दाखला आठवला. तुमचा काढून बघा. त्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो आणि बऱ्याच दाखल्यांवर तिथे ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं लिहिलेलं असतं. आमच्या वर्गातल्या एका पोराला हेडमास्तरांनी बाबांना बोलावून ‘याला उद्यापासून पाठवू नका’ म्हणून सांगितलं होतं. दाखल्यावर काय? पालकांच्या विनंतीवरून. वर्तणूक चांगली.

सरकारी यादीही काही फार वेगळी नाही. पीएफच्या पोर्टलवर कंपनीला ‘डेट ऑफ एक्झिट’ भरताना कारण निवडावं लागतं. मृत्यू, कायमचं अपंगत्व, निवृत्ती वगैरे सोडलं तर उरलेल्या सगळ्यांसाठी एकच, ‘सेसेशन’. म्हणजे नोकरी थांबली. कुणी थांबवली ते विचारतच नाहीत. (जाता जाता, ज्यांच्या जुन्या कंपनीने ही तारीखच भरलेली नाही त्यांच्यासाठी: जानेवारी २०२० पासून ती आपली आपल्याला भरता येते, शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी. यूएएनने लॉगिन करा, ‘मॅनेज’मध्ये जा. माझ्या दोन मित्रांचे पैसे केवळ यामुळे अडकले होते.)

फेब्रुवारीत एचआरकडून नवी मागणी आली. एकेक माणूस भरत बसायला नको, एक्सेलची फाइल चढवली की सगळ्यांचं एकदम सुरू व्हायला हवं. ‘बल्क अपलोड’. तांत्रिकदृष्ट्या दोन दिवसांचं काम. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: अशा नोंदींना प्रकार ‘राजीनामा’, कारण ‘वैयक्तिक’, आणि दोन्ही खाने कर्मचाऱ्याला बदलता येऊ नयेत.

मी एचआरच्या मॅडमना फोन केला. म्हटलं, मॅडम, राजीनामा आहे तर तो माणूस स्वतः देईल ना, तुम्ही एक्सेलमधून कसा देणार? त्या वैतागल्या नाहीत, शांतपणे सांगितलं त्यांनी. म्हणाल्या, ‘हे बघ, तुला वाटतं तसं नाहीये. त्यांच्याशी आधी बोलणं होणार, तीन महिन्यांचा पगार मिळणार. रेकॉर्डला राजीनामा राहिला तर पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये त्यांनाच सोपं जातं. टर्मिनेशन लिहिलेलं चालेल का तुला, तुझ्या नावापुढे?’ नाही चालणार. मॅडम पूर्ण खोटं बोलत नव्हत्या, हीच तर पंचाईत आहे. काढलेला माणूस म्हणजे काहीतरी घोळ असणार, असं आपण सगळेच धरून चालतो, इंटरव्ह्यूला समोर बसल्यावर मीसुद्धा.

पण त्या एका शब्दाला दुसरी बाजू आहे. कामगार कपात झाली तर कायदा महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन द्यायला सांगतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, आता त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. स्वतःहून राजीनामा दिला तर यातलं काही नाही. ग्रॅच्युइटी काय, पाच वर्षं झाली की दोन्हीकडे मिळते. तेव्हा चौदा वर्षं काढलेल्या माणसाचं गणित करा. चौदा गुणिले पंधरा, दोनशे दहा दिवस. सात महिन्यांचा पगार, एका ड्रॉपडाउनमध्ये.

आता यात मोठा ‘पण’ असा की हे ‘कामगारा’साठी आहे. आपण कामगार आहोत का? आयटीतल्या माणसाला हा शब्दच लागत नाही, आपण ‘असोसिएट’, ‘रिसोर्स’, फार तर ‘एम्प्लॉयी’. नव्या संहितेत व्यवस्थापक कामगार नाहीत, आणि महिना अठरा हजारांच्या वर पगार असलेले पर्यवेक्षकही नाहीत. मग ‘टेस्ट लीड’ कोण? कार्डावर ‘लीड’ आहे म्हणजे पर्यवेक्षक, की दिवसभर स्वतःच टेस्ट केसेस चालवतो म्हणून कामगार? खरं काम काय करतो ते बघायचं असतं, हुद्द्याचं नाव नाही. पण ते दाखवायला माणसाने आधी दाद मागायला हवी. आपल्याकडे तिथवर फार थोडे जातात. पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने जबरदस्तीच्या राजीनाम्यांबद्दल कामगार खात्याकडे तक्रारी केल्यात, २०२५ मध्ये टीसीएसने बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करायचं जाहीर केलं तेव्हा पेपरात तुम्ही नाव वाचलं असेल. ऑफिसात मात्र ही चर्चा कॅन्टीनच्या मागच्या चहाच्या टपरीवरच होते, तीही आवाज खाली करून.

मी अपलोड बांधून दिलं. दिलं म्हणजे काय, कामच आहे ते माझं. प्रकार आणि कारण त्यांनी सांगितलं तसं ठेवलं. पण नोंद कुणी सुरू केली, कधी, कुठल्या लॉगिनवरून, हा खाना मी त्यांच्या मागणीनुसार रिकामा सोडला नाही. माहितीसुरक्षेच्या ऑडिटला तो लागतो, मी तसं लेखी कळवलं, आणि त्यावर कुणी काही बोललं नाही. प्रत्येक सेपरेशन संपलं की मशीन एक पीडीएफ करून हिशेबाच्या मेलला जोडतं, त्यात सगळ्या पायऱ्या ओळीने येतात. हे पहिल्या दिवसापासून मंजूर डिझाइनमध्ये होतं.

मार्चमध्ये एकतीस नावांची फाइल चढली. यादीत मास्तर होते.

मास्तर म्हणजे आमचे टेस्टिंगचे एक सिनियर. वय सेहेचाळीस, कंपनीत चौदा वर्षं. नवीन आलेल्या प्रत्येक बॅचला बग कसा लिहायचा ते शिकवायचे म्हणून मास्तर. मीही त्यांच्याच हाताखालून गेलोय. माझा पहिला बग रिपोर्ट ‘बटण चालत नाही’ असा होता. त्यांनी तो परत पाठवला होता, खाली एकच प्रश्न लिहून: ‘कुणी दाबलं? कधी? काय व्हायला हवं होतं? काय झालं?’ हा त्यांच्या मते एकच प्रश्न होता.

मला त्यांचं नाव आधी कळलं असं काही नाही, माझ्याकडे फक्त एरर आल्या तर येतात आणि त्या फाइलला एकही एरर आली नाही. साडेसहाला दारं बंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीच्या टेस्टचा रिपोर्टच आला नाही, तेव्हा शोधलं तर तो जॉब मास्तरांच्या अकाउंटवरून चालत होता. ‘हा सर्व्हिस अकाउंटवर टाका’ म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी टाकलेलं तिकीटही सापडलं. उघडंच होतं.

त्यांचा फोन आला चार दिवसांनी, रविवारी. मी म्हटलं, ‘सर, कसे आहात?’ ते म्हणाले, ‘पीडीएफ तुझं आहे ना? छान झालंय. तारखेचा फॉरमॅट मात्र दुसऱ्या पानावर वेगळा आलाय, बघ.’ सवय जात नाही. मग जरा थांबून म्हणाले, ‘पहिली ओळ वाचली रे. राजीनामा सादर केला, आणि पुढे सादर करणारा म्हणून एचआरचं लॉगिन. माझं नाव कुठेच नाही त्यात.’

मी काहीच बोललो नाही. त्यांनीच पुढे सांगितलं की बोलावून खोलीत बसवलं होतं, पाणी विचारलं होतं, सही मात्र त्यांनी केली नव्हती. ‘विचार करून सांगतो’ म्हणून बाहेर आले होते. लॅपटॉपपर्यंत पोचले तर मशीनचा मेल येऊन पडलेला, आपला राजीनामा स्वीकारण्यात आला आहे. मुलगी बारावीला आहे, घराचे हप्ते अजून आठ वर्षं. हे सगळं त्यांनी बग रिपोर्टच्याच आवाजात सांगितलं. त्या पानाची प्रिंट त्यांनी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्यायच्या अर्जाला जोडली आहे. ‘लीड’चं काय होतं ते तिथे कळेल.

परवा एचआरकडून माझ्या नावावर तिकीट आलंय. कर्मचाऱ्याला जाणाऱ्या पीडीएफमधून ‘सादर करणारा’ ही ओळ काढावी, फक्त अंतर्गत लॉगमध्ये राहू द्यावी. प्रायॉरिटी मध्यम. कोडमध्ये एका ओळीचा बदल आहे, चहा घेता घेता होईल. मी त्यावर लिहिलंय की मंजूर डिझाइन बदलायचं असल्याने लीगल आणि माहितीसुरक्षा या दोघांची लेखी संमती लागेल, नावानिशी. मॅनेजर म्हणाला, ‘तू उगाच ताणतोयस.’ असेल. लीगलकडून अजून उत्तर नाही, माहितीसुरक्षेने ‘आम्हाला यात का घेतलंय’ असं विचारलंय. दरम्यान दुसऱ्या पानावरच्या तारखेचा फॉरमॅट मी दुरुस्त केला आहे.